लहान मुलांना घेऊन समुद्रकाठी: राहायची जागा कशी निवडता?

शंखशिंपले
नमस्कार मंडळी. मुलं झाल्यापासून पहिल्यांदाच समुद्रकाठी आठवडाभर राहायला जायचं ठरतंय. मुलगी ४ वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. सोबत सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते अजून पक्कं नाही, पण डोळ्यांसमोर दोन प्रकारच्या जागा आहेत. एक म्हणजे पायऱ्या उतरलं की थेट वाळू असं रिसॉर्ट. तरणतलाव आहे, जेवण तिथेच मिळतं, पण आम्ही सगळे एकाच मोठ्या खोलीत. दुसरी म्हणजे दोन झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर, समुद्र चालत ५ ते १० मिनिटांवर. फोटो बघून काहीच उमगत नाही, कारण प्रत्येक जागा स्वतःला फॅमिली फ्रेंडली म्हणवून घेते. तुम्ही निवडताना नेमकं काय बघता? हॉटेल की घर एवढंच नको, का तेही सांगा.

गवतफूल
आमचं मत घराच्या बाजूने, आणि कारण एकच: झोप. १४ महिन्यांचं बाळ संध्याकाळी साडेसात-आठला झोपतं. एकाच खोलीत सगळे असाल तर त्यानंतर दिवा बंद, बोलणं बंद, आणि तुम्ही तिघं मोठी माणसं अंधारात मोबाइल बघत बसणार. मधे दार बंद करता येणारी दुसरी खोली असली की संध्याकाळ तुमची राहते. शिवाय या वयाची मुलं दिवसातल्या दोन झोपांवरून एका झोपेवर येत असतात, त्यामुळे कधी किती वाजता डोळे मिटतील याचा नेम नसतो. स्वयंपाकघर आणि फ्रिज असला की रात्री दूध कोमट करायला कुणाला फोन लावावा लागत नाही.

मात्र 'चालत ५ मिनिटं' या शब्दांवर जाऊ नका. ते मोठ्या माणसाचं चालणं असतं, म्हणजे साधारण ४०० मीटर. हातात बादली-फावडं घेतलेली ४ वर्षांची मुलगी ते अंतर पंधरा-वीस मिनिटांत कापते, आणि परत येताना ती चालत नाही, तुमच्या कडेवर असते.

निवांत
गवतफूल, झोपेचा मुद्दा मान्य, पण मी रिसॉर्टच सांगेन. सुट्टी आईचीही असते ना? घर घेतलं की पहिल्या दिवशी सामान भरा, रोज नाश्ता करा, भांडी घासा, वाळूने भरलेली फरशी झाडा. जागा बदलते, काम तेच राहतं, आणि ते बहुतेक वेळा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतं. वाळूपासून खोली एका मिनिटावर असली की धाकट्याला शी झाली, मोठीला भूक लागली, आजींना आत जायचंय, यातलं काहीच संकट वाटत नाही. एक जण बाळाला घेऊन खोलीत जातो, बाकीचे वाळूत राहतात. १० मिनिटांवरच्या घरात सगळी वरात एकदम निघते आणि एकदम परतते. त्यात माणसं दमतात.

आणि एका खोलीवर उपाय आहे: एकमेकींत उघडणाऱ्या दोन खोल्या, किंवा बसायची खोली वेगळी असलेला सूट.

दीपस्तंभ
मी लहान मुलांना पोहायला शिकवतो आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. वरची चर्चा उपयोगी आहे, पण माझ्या मते ती एक पायरी पुढून सुरू झाली. आधी पाणी निवडा, मग छप्पर. उत्तम खोली धोकादायक किनाऱ्यावर असली तर आठवडाभर मुलांना पाण्यापासून ओढून धरण्यात जातो. साधी खोली शांत, उथळ पाण्याजवळ असली तर मुलं तिथेच रमतात.

लहान मुलांसाठी मी तीन गोष्टी बघतो. किनाऱ्याचा उतार सौम्य हवा. पाय टाकला की दोन पावलांत गुडघाभर पाणी, असा तीव्र उतार असेल तर लाटा अगदी काठावर येऊन कोसळतात आणि मोठ्या माणसालाही आडवं पाडतात. दुसरं, जागा आडोशाची हवी. दोन्ही बाजूंनी जमीन पुढे आलेला छोटा उपसागर, किंवा समोर प्रवाळाची भिंत असलेलं खाजण. तिथे लाटांचा जोर आधीच मोडलेला असतो. तिसरं, जीवरक्षक. आहेत का, आणि कुठल्या महिन्यांत, किती ते किती वाजेपर्यंत, हे दोन्ही विचारा. पुष्कळ किनाऱ्यांवर ते फक्त हंगामात असतात.

टाळायच्या जागाही सांगतो. खाडीचं किंवा नदीचं मुख, कारण ओहोटीला तिथलं पाणी जोरात बाहेर खेचतं. धक्क्याच्या किंवा दगडी बांधाच्या अगदी लगतचं पाणी, कारण तिथे परतीचा प्रवाह, म्हणजे रिप करंट, तयार होतो. हा प्रवाह माणसाला पाण्याखाली ओढत नाही, किनाऱ्यापासून आत नेतो, आणि त्याचा वेग सेकंदाला २ मीटरच्याही वर जाऊ शकतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध जाता येत नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडायचं असतं. आईबाबांनी एक खूण पक्की लक्षात ठेवावी: दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा मात्र सपाट, शांत दिसतोय, तर ती जागा मुलांसाठी सुरक्षित समजू नका. प्रवाह बहुधा तिथूनच बाहेर जात असतो.

बऱ्याच देशांत झेंड्यांची पद्धत सारखी आहे. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे लावलेले असतील तर पोहायचं ते त्या दोघांच्या मधेच. एक लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात जायला बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव. ब्लू फ्लॅग नावाचं मानांकन १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालं आणि आता अनेक देशांतल्या किनाऱ्यांना मिळतं. त्यात पाण्याची स्वच्छता, स्वच्छतागृहं आणि सुरक्षेची सोय तपासली जाते, त्यामुळे यादी आखूड करायला ते बरं पडतं. पण त्या झेंड्याचा अर्थ आज समुद्र शांत आहे असा नव्हे.

शंखशिंपले
बापरे, हा विचारच केला नव्हता. पण दीपस्तंभ, घरी बसून हे कळणार कसं? फोटोत सगळेच समुद्र निळे आणि शांत दिसतात.

पाऊलवाट
हे मी सांगतो, नकाशे बघणं हा माझा आवडता उद्योग आहे. जागेचे फोटो बाजूला ठेवा आणि उपग्रहाचा नकाशा उघडा. जागेपासून वाळूपर्यंत बोट फिरवत या. मधे मोठा रस्ता लागतो का? रेल्वेचा रूळ, नाला, पार्किंग? 'समुद्रासमोर' लिहिलेल्या कितीतरी जागांच्या आणि समुद्राच्या मधून वाहता रस्ता जातो. ४ वर्षांच्या मुलीला समुद्र दिसला की ती धावणार. तेव्हा तो रस्ता मधे असणं आणि नसणं यात फार फरक आहे. रस्त्यावरून काढलेली चित्रं उपलब्ध असतील तर पदपथ आहे का, पायऱ्या किती, बाबागाडी जाईल का, हेही दिसतं.

मग भरती-ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. जाहिरातीतला फोटो बहुधा भरतीचा असतो, पाणी पायरीला टेकलेलं. ओहोटीला तिथेच अर्धा किलोमीटर चिखल किंवा खडक उघडे पडत असतील. उलटही घडतं: ओहोटीला सुंदर वाळू, आणि भरतीला पाणी थेट भिंतीला, खेळायला जागाच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा हा फरक सगळ्यात मोठा असतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा सगळ्यात कमी. तुमच्या तारखांचं त्या किनाऱ्याचं वेळापत्रक आधी काढा आणि यजमानांना सरळ विचारा, भरतीला किती वाळू उरते आणि ओहोटीला पाणी किती लांब जातं?

शेवटचं, किनाऱ्याची दिशा. याकडे फार कमी लोक बघतात, मला मात्र ती महत्त्वाची वाटते. किनारा पश्चिमेला तोंड करून असेल आणि मागे झाडी असेल तर सकाळी झाडांची सावली वाळूवर पडते, मुलांना आठ-नऊपर्यंत छान खेळता येतं. पण संध्याकाळी ऊन थेट तोंडावर. पूर्वेकडे तोंड असेल तर याच्या बरोबर उलट. तुमची मुलं पहाटे उठणारी की संध्याकाळी फुलणारी, त्यावर हे ठरवा. दुपारच्या आधी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो, तोही दुपारभर वाढत जातो. म्हणून लहान मुलांसाठी पाणी बहुधा सकाळी जास्त शांत मिळतं.

निवांत
दिशेचा मुद्दा खरंच नवा आहे. पण म्हणूनच तर मी तरणतलाव म्हणते! समुद्र खवळलेला असेल, ओहोटी असेल, तरी मुलांना पाणी मिळतं.

दीपस्तंभ
निवांत, मी स्वतः तलावात शिकवतो, तलावाला माझा विरोध नाही. पण दोन लहान मुलं असलेल्या घराला मी सांगेन की तलाव ही सोय समजण्याआधी तपासायची गोष्ट समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात जवळजवळ चौथा हिस्सा ५ वर्षांखालच्या मुलांचा होता. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. ते काही मिनिटांत, आवाज न करता बुडतं, आणि त्याला खोल पाणी लागत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे छोट्यांचा उथळ तलाव आहे' या वाक्याने माझं समाधान होत नाही.

विचारायचं ते असं: तलावाला चारही बाजूंनी कुंपण आहे का? तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला तुमच्याच खोलीचं दार, हे चालणार नाही. कुंपण किमान १.२ मीटर उंच हवं, त्यावर चढता येईल असे आडवे दांडे नकोत, फाटक आपोआप बंद होणारं आणि कडी मुलाच्या हाताला न लागणारी हवी. तळमजल्याची खोली थेट तलावावर उघडते म्हणून ती जास्त भावाने देतात. चालतं बाळ असेल तर तीच खोली घेऊ नका, दुसरी मागा. दंडाला लावायच्या फुगवायच्या पट्ट्या हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. पाण्यात किंवा पाण्याजवळ मोठ्या माणसाचा हात मुलाला लागेल इतक्या अंतरावर हवा. आणि पाळ्या लावा. 'आता माझी पाळी' असं तोंडाने म्हणा. चार मोठी माणसं काठावर बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

निवांत
हे वाचून अंगावर काटा आला. थेट तलावावर उघडणारी खोली मला सोयीची वाटायची, ते मत मी मागे घेते. रिसॉर्टचं मात्र नाही.

पारिजातक
मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून खोलीच्या आतल्या गोष्टी लिहिते.

गच्ची किंवा बाल्कनी असेल तर कठड्याचा फोटो मागवा. गजांमधली फट १० सेंटीमीटरहून कमी हवी. गज उभे हवेत, आडवे असले की त्यांची शिडी होते. कठड्याजवळ टेबल-खुर्ची असेल तर पोचल्याबरोबर आत ओढून घ्या, मूल कठड्यावर बहुधा खुर्चीवरून चढतं. १४ महिन्यांच्या बाळाबरोबर मी तळमजला घेईन. आजींच्या गुडघ्यांनाही तेच बरं. मात्र तळमजल्याचं दार बाहेर उघडतं, म्हणून त्याला वरच्या बाजूला कडी हवी.

झोपायची सोय: 'बाळासाठी पाळणा आहे' एवढ्यावर थांबू नका. गादी कडक आहे का, चौकटीत घट्ट बसते का, बाजूची जाळी फाटलेली नाही ना, ते विचारा. दुमजली पलंगाचा वरचा मजला ६ वर्षांखालच्या मुलांना द्यायचा नाही, तुमच्या ४ वर्षांच्या बाईसाहेबांनी कितीही हट्ट केला तरी. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या वर गुंडाळून ठेवा.

न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो आत आहे की बाहेर, आणि हवा खेळती आहे का, हे नक्की विचारा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्याला वास नसतो. शक्य असेल तर विजेचा गीझर असलेली जागा घ्या. नळाचं पाणी किती गरम येतं ते स्वतः हात लावून बघा. ४९ अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी लहान मुलांच्या कातडीला पटकन भाजतं.

दवाखाना: नुसतं 'जवळ आहे' नको. रात्री उघडं असणारं, मुलांना बघणारं रुग्णालय गाडीने किती मिनिटांवर आणि रात्री गाडी मिळते का, एवढं बुकिंगच्या आधी माहीत हवं. एखादी देखणी, एकांतातली जागा मी निव्वळ या कारणाने सोडून देईन. मुलं आठ-दहा वर्षांची झाली की जा तिथे.

उन्हाचं थोडक्यात: सकाळी १० ते दुपारी ४ सावलीत. वाळू अतिनील किरणं परत फेकते, त्यामुळे छत्रीखालीही पूर्ण बचाव होत नाही. लांब बाह्यांचे कपडे, टोपी, आणि तुमच्या दोन्ही मुलांना सनस्क्रीन चालेल, ३० किंवा जास्त एसपीएफचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. या ६ तासांचा जागेशी थेट संबंध आहे. भर दुपारचा सगळा वेळ तुम्ही खोलीत किंवा अंगणात असणार. तेव्हा ती जागा हवेशीर, सावलीची, मुलांना जमिनीवर बसून खेळता येईल अशी आहे का, ते बघा. दोन पलंगांच्या मधे फूटभर फरशी असलेल्या खोलीत ते होत नाही.

सोबती
पारिजातक यांना पूर्ण अनुमोदन. मी आजोबांच्या बाजूने एक सांगतो. आम्हा म्हाताऱ्यांचा विचार लोक 'लिफ्ट आहे का' इथेच संपवतात. मऊ वाळूत चालणं गुडघ्यांना फार जड जातं. समुद्र दिसेल आणि नातवंडं दिसतील अशी सावलीतली पाठीची खुर्ची, आणि तिथवर पक्की वाट, एवढं असलं की आजी आनंदात राहतील आणि मुलांकडे एक जादा डोळाही राहील. ते नसेल तर त्या दिवसभर खोलीत एकट्या. सासूबाईंना जागेचे फोटो दाखवून त्यांना काय हवंय ते विचारलंत का? अनेकदा त्यांना तुम्ही समजता त्याहून वेगळंच हवं असतं. आणि त्यांच्यावर सांभाळायचं काम गृहीत धरू नका. १४ महिन्यांच्या बाळामागे दुखऱ्या गुडघ्यांनी धावता येत नाही.

वाळूचं घर
मी समुद्रकाठी पाहुण्यांना घर भाड्याने देते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. प्रश्न विचारायला संकोचू नका. लहान मुलांचे आईबाप जेव्हा नेमकं विचारतात तेव्हा आम्हालाही तयारी करता येते.

'मुलांसाठी सुरक्षित आहे का?' असं विचारलंत तर जगातला प्रत्येक यजमान हो म्हणेल, आणि तो खोटंही बोलत नसेल, त्याच्या डोळ्यांसमोर दहा वर्षांचं मूल असेल. त्याऐवजी 'अंगणाच्या फाटकाला कडी किती उंचीवर आहे, तिचा फोटो पाठवाल का?' असं विचारा. जो फोटो पाठवतो त्याच्याकडे जा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. विहीर, पाण्याची टाकी, शोभेचा हौद आवारात आहे का, त्यावर झाकण किंवा जाळी आहे का, हे मात्र आवर्जून विचारा, कारण जाहिरातीत ते कुणी लिहीत नाही.

'उपलब्धतेनुसार' हा शब्द दिसला की ती गोष्ट मिळणार नाही असं धरून चला. पाळणा, उंच खुर्ची, एकमेकींत उघडणाऱ्या खोल्या, सगळं लेखी कबूल करून घ्या. निवांत म्हणाल्या तशा जोडखोल्यांच्या बाबतीत तर नक्कीच. नाही तर एक खोली तिसऱ्या मजल्यावर आणि दुसरी पाचव्यावर अशी वेळ येते.

लोकांचे अभिप्राय वाचताना सगळ्यात नवे आधी लावा आणि त्यात 'बाळ', 'मुलं', 'आवाज', 'डास' हे शब्द शोधा. गुण किती मिळाले त्यापेक्षा तुमच्यासारख्या घराने काय लिहिलंय ते कामाचं. लग्नसमारंभांची जागा किंवा रात्रीचं संगीत शेजारी आहे का, तेही तिथेच कळतं. आणि पैसे भरण्याआधी रद्द करायची अट वाचा. लहान मुलं निघायच्या आदल्या दिवशी तापाने फणफणतात, हे दर हंगामात बघते. शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत पैसे परत देणारी जागा थोडी महाग पडली तरी घ्या.

गवतफूल
वाळूचं घर, किती छान लिहिलंत. एक पुरवणी: बाहेर पाय धुवायचा नळ आणि कपडे वाळत घालायला वारा लागणारी दोरी. खाऱ्या दमट हवेत खोलीतले कपडे वाळत नाहीत, आणि मुलांचे पोहायचे कपडे दिवसातून दोनदा ओले होतात.

शंखशिंपले
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी पूर्ण धागा वाचला आणि सासूबाईंनाही वाचून दाखवला. सोबती काकांचं बरोबर निघालं: त्यांना रिसॉर्ट नकोच होतं, तिथल्या अनोळखी गर्दीत जेवायला जायचा त्यांना कंटाळा आहे. त्यांना सकाळचा चहा स्वतःच्या हाताने करून अंगणात प्यायचा आहे.

म्हणून आधी किनारा बदलला. मोकळ्या समुद्राऐवजी आडोशाचा छोटा उपसागर शोधला, आमच्या तारखांना तिथे जीवरक्षक असतात. आता तिथलं तळमजल्याचं दोन खोल्यांचं घर बघतोय. वाळू २०० मीटरवर, मधे फक्त पायवाट. जेवणाचा डबा शेजारून मिळतो, म्हणजे निवांत, तुमचा मुद्दाही राखला! तलाव नाही. आमच्या आठवड्यात भरती सुरुवातीला सकाळी आहे आणि शेवटाकडे दुपारी जाते. फाटकाच्या कडीचा आणि गीझरचा फोटो मागवलाय, कडीचा आला, गीझरचा यायचाय. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि आमची दोन्ही पहाटेची पाखरं आहेत, त्यामुळे पाऊलवाट यांचा हिशोबही जमला.

एकच प्रश्न उरला. आम्ही रात्री नऊच्या सुमारास पोचू. बाळ गाडीतच झोपलेलं असेल. तेव्हा काय काय बघून घ्यायचं?

पारिजातक
रात्री सगळं बघायला जाऊ नका. बाहेरच्या दाराची कडी, खिडक्या, पाळण्याची गादी आणि प्लगच्या उघड्या जागा, एवढंच. बाकी सकाळी मुलं उठायच्या आत, गुडघ्यांवर बसून त्यांच्या उंचीवरून खोली बघा. आणि गीझरचा फोटो आल्याशिवाय पैसे भरू नका.

वाळूचं घर
आदल्या दिवशी यजमानांना पोचायची वेळ कळवा आणि पाळणा अंथरून, आतल्या खोलीचा छोटा दिवा लावून ठेवायला सांगा. अंगणातला दिवाही. आम्ही हे आनंदाने करतो, फक्त सांगावं लागतं. बाळाला गाडीतून थेट पाळण्यात ठेवता येईल, आणि किल्ली कुठे आहे ते अंधारात शोधत बसावं लागणार नाही.